विचारल्याशिवाय सांगायचं नाही

खोकला खरं म्हणजे ‘घरात आता माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही’ या वाक्यानंतर यायचा होता. आज तो ‘नमस्कार’लाच आला. समोरच्या होतकरू डॉक्टरनं अजून स्वतःचं नावही सांगितलं नव्हतं; तो दारातच थबकला आणि जी काळजी त्याला पुढे कधीतरी चेहऱ्यावर आणायची होती ती त्यानं घाईघाईनं तिथंच आणली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुण मांडत बसलेल्या विभागाच्या प्रमुख बाईंनी मान वर केली, पेनाचं टोक गालाला लावलं आणि पुन्हा खाली बघितलं. त्यांना खोकला आवडला असावा. खोकणाऱ्यालाही तो एरवी आवडला असता, फक्त तो त्यानं काढलेला नव्हता. अर्धं आयुष्य रंगभूमीवर दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली कामं केलेल्या माणसाला आपल्या अंगातून निघालेला आवाज आपला आहे की नाही एवढं कळतं. हा आवाज त्याच्या आधीच स्टेजवर जाऊन उभा राहिला होता आणि आता त्याच्याकडे वळून बघत होता, की येताय ना? त्यानं रुमाल तोंडाला लावला, काढला, न बघता खिशात घातला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, “बसा की डॉक्टर. तुम्हीच उभे राहिलात तर मी काय करू?” या वाक्याला शिकाऊ डॉक्टर नेहमी थोडे हसत. हाही हसला.

तो खोटा पेशंट होता. शिकाऊ डॉक्टरांना माणसांशी बोलता येत नाही असं या कॉलेजात कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि खऱ्या माणसांवर सराव करणं बरं दिसत नाही म्हणून खोटी माणसं नेमली गेली होती. ओळीनं खोल्या होत्या. एकीत साखरेचा आजार नव्यानं समजलेल्या बाई, दुसरीत नवरा गेल्याची बातमी ऐकणाऱ्या बाई, तिसरीत दारू सोडायला तयार नसलेले एक निवृत्त कारकून, जे प्रत्यक्षात थंड पाणीसुद्धा घशाला बाधतं म्हणून पीत नसत. चार नंबरच्या खोलीत तो. त्याच्या वाट्याला व्हेप, म्हणजे ती विजेवरची वाफेची सिगारेट, आलं होतं. सिगारेट सोडायची म्हणून व्हेप धरलेला, आता तेही सुटत नसलेला, जिना चढताना दम लागणारा, जरासा चिडका, मधल्या वयाचा गृहस्थ. विभागात त्याला सगळे वाफेवाले काका म्हणत. नावानं कोणीच कोणाला हाक मारत नसे. “विधवा बाई आल्या का?” असं प्रमुख बाई सकाळी सहज विचारत, आणि विधवा बाईंचा नवरा संध्याकाळी गाडी घेऊन फाटकाशी उभा असे, सगळ्यांना हात करी. त्या दिवसभरात आठ-दहा वेळा त्याच्यासाठी रडलेल्या असत, त्यामुळे घरी जाताना त्याच्याशी त्यांना बोलायला फारसं काही उरत नसे.

व्हेप ओढणाऱ्याशी कसं बोलायचं याचं एक शास्त्र होतं आणि प्रमुख बाई ते शिकवत. रागवायचं नाही. घाबरवायचं नाही. फुप्फुसांची चित्रं दाखवायची नाहीत. आधी परवानगी मागायची: ‘आपण याबद्दल थोडं बोललो तर चालेल का?’ मग मोकळा प्रश्न. मग त्यानं जे सांगितलं तेच त्याला हळू आवाजात परत द्यायचं. मग गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची जागा फार महत्त्वाची होती. तिथं पेशंटचं मन उघडतं असं बाईंचं म्हणणं होतं. आणि शेवटी तो काहीही म्हणाला तरी त्याच्या निर्णयाचा आदर करायचा. पेशंटनंही काही नियम पाळायचे असत. त्यातला पहिला नियम बाईंनी नेमणुकीच्या दिवशीच सांगितला होता, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. डॉक्टरनं नीट विचारलं तरच रात्री उशाशी व्हेप घेऊन झोपतो ते सांगायचं. नुसतं ‘ओढता का?’ विचारलं तर नुसतं ‘हो’. “तुमच्याकडे कुलूप आहे काका,” बाई म्हणाल्या होत्या, “किल्ली त्यांना शोधू दे. तुम्ही आपणहून दार उघडलंत, की परीक्षा संपली.” त्याला ही कल्पना इतकी पटली की पुढे घरीही त्यानं आपणहून काही सांगणं बंद केलं. बायकोच्या हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

होतकरू डॉक्टर आता गप्प बसण्याच्या जागेवर आला होता. तो मनात आकडे मोजत होता हे त्याच्या ओठांवर दिसत होतं. मोजू दे. त्या शांततेत काकांना आपल्या छातीत कोणीतरी कागद हळूहळू चुरगाळतंय असा आवाज ऐकू आला आणि हा समोरच्यालाही ऐकू जात असेल का, असं वाटून त्यानं खुर्ची थोडी मागे घेतली. सुरुवातीला हे काम त्याला जरा कमीपणाचं वाटलं होतं. मग एक दिवस प्रमुख बाई म्हणाल्या, “सगळं छान आहे काका, पण ते हातात धरता ना, ते सही करायला पेन धरल्यासारखं धरता. ओढणारा माणूस असं धरत नाही.” टीका रास्त होती. त्यानं बाजारातून फळांच्या वासाचं एक खरं व्हेप आणलं, आरशासमोर उभा राहिला आणि अभ्यास सुरू केला. पन्नाशी उलटेपर्यंत सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला माणूस. पहिल्या दिवशी ठसका लागला, दुसऱ्या दिवशी डोकं फिरलं, मग बोटांना वळण आलं. धूर सोडताना डोळे किंचित बारीक होतात, तेही आलं. पुढच्या परीक्षेला बाई टाळी वाजवल्यासारखं करून म्हणाल्या, “आता खरं वाटतं!” त्या एका वाक्यावर तो आठवडाभर चालला. रंगभूमीवर त्याच्याबद्दल हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिथं त्याच्याबद्दल ‘वेळेवर येतो’ असं म्हणत. पुढे परीक्षा नसतानाही अभ्यास चालू राहिला. न्हाणीघरात, गच्चीत, जिन्याच्या वळणावर. बायको एकदा नाक उडवत म्हणाली, “अहो, न्हाणीघरात फळं कोण कापतंय?” तो म्हणाला, “भूमिका आहे.” ती म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली, तीही रोग्याची. आणि तालीम माझ्या साबणाजवळ.” यावर बोलायला तिच्याकडे आणखी असावं, पण तो गप्प बसला. प्रमुख बाईंनी शिकवल्यासारखा, सगळे आकडे मोजत. तिनं त्याच्याकडे काही वेळ बघितलं. “हे असं गप्प बसून बघू नका हो माझ्याकडे,” ती म्हणाली, “मी काय तुमच्या कॉलेजातली आहे?” आणि दिवा घालवून गेली, तो आत असतानाच.

मग केव्हातरी भूमिकेतला दम भूमिकेबाहेर यायला लागला. आधी जिन्यात. मग बुटाची नाडी बांधताना. अंगात बारीक ताप, रात्री उशी ओली. आणि मागच्या महिन्यात रुमालावर लाल रंगाची एक बारीक रेघ. ती बघून त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की नाटकात कोणी असं करायला सांगितलं असतं तर आपण दिग्दर्शकाला म्हटलं असतं, साहेब, जरा जास्त होतंय. तरी तो दवाखान्यात गेला. आपल्या कॉलेजाला जोडून असलेल्या नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, जिथं त्याला कोणी ओळखणार नाही. रांगेतून आत गेल्यावर टेबलामागे जो डॉक्टर होता त्याला मात्र त्यानं लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी चार नंबरच्या खोलीत याच मुलानं सगळ्यात जास्त गुण घेतले होते. काकांच्या डोळ्यांत बघून त्यानं ‘एकट्यानं हे सगळं वागवणं फार जड जात असेल’ असं म्हटलं होतं आणि काकांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. प्रमुख बाई नंतर कितीतरी दिवस त्या परीक्षेची चित्रफीत वर्गात दाखवत. काका हसून बसला. आता तो आवाज ऐकायला मिळणार होता, तोही पहिल्यांदा खऱ्या कारणासाठी. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होता.

“काय होतंय?”

“खोकला. दम लागतो.”

“किती दिवस?”

“झाले बरेच.”

“सिगारेट?”

“नाही.”

“तंबाखू?”

“नाही.”

काका थांबला. आता किल्ली येईल. आता हा म्हणेल, आणखी काही, ज्याबद्दल तुम्हाला बोलावंसं वाटतं? तो खुर्चीत किंचित पुढे झुकला, हात मांडीवर उघडे ठेवले, जसे तो ‘पेशंट बोलण्याच्या बेतात आहे’ हे दाखवण्यासाठी ठेवत असे आणि जे ओळखता आलं नाही तर गुण कापले जात. डॉक्टरनं शर्टावरूनच नळी एकदा इकडे, एकदा तिकडे लावली. “ॲलर्जी दिसते. हे पातळ औषध, या गोळ्या. धुळीत जाऊ नका. पुढचे!” पुढचे आत आलेही. आपणहून सांगता आलं असतं. एक शब्द होता फक्त. पण तो जिभेवर आला तेव्हा त्याला अगदी खरोखर वाटलं, की हे नियमाबाहेर होईल, मुलाचे गुण फुकट जातील. बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानाशी उभं राहून त्यानं मनातल्या मनात त्या मुलाला शून्य दिलं, आणि मग, मागच्या बाजूला जाऊन, खिशातलं व्हेप काढलं.

“तुमच्या बोलण्यातून मला असं जाणवतं,” होतकरू डॉक्टर म्हणत होता, “की तुम्हाला सोडायचंही आहे आणि नाहीही.” शाबास. हे त्याला प्रमुख बाईंकडे बघून सुचलं होतं. काकांनी ठरलेला उसासा सोडला, त्याच्या शेपटाला पुन्हा तो न ठरलेला खोकला आला, आणि डॉक्टर म्हणाला, “तुम्ही खोकताय. त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?” घंटा झाली. घंटा झाली की जिथं असेल तिथं उठायचं. मुलानं काकांचा हात दोन्ही हातांत घेण्यासाठी अर्धवट पुढे केलेले आपले हात तसेच मागे घेतले आणि तो विधवा बाईंच्या खोलीत नवरा गेल्याचं सांगायला गेला.

बाईंना आत्ता सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होते, त्या कागद सारखे करत होत्या. पण सांगायचं काय? गेल्या वर्षी साखरवाल्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांना तपासणीत खरोखरच साखर निघाली. त्या बिचाऱ्या हसत हसतच सांगत आल्या, की बघा, भूमिकेत किती शिरले. प्रमुख बाईंनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला, भाषण केलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई आणल्या. “खरे झाले की गेले,” बाई नंतर म्हणाल्या होत्या. “खरा पेशंट अतिशयोक्ती करतो. प्रत्येकासमोर तितकंच रडत नाही. आपल्याला मोजता आलं पाहिजे ना.” साखरवाल्या बाई आता कधी रस्त्यात भेटल्या तर स्वतःबद्दल बोलायला लागत आणि थांबतच नसत. कोणी विचारत नसलं की माणूस असा होतो. काकांना त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. इथं वर्षातून चार वेळा, आठवडा आठवडा, सकाळपासून तरुण मुलंमुली ओळीनं येत, त्याच्या समोर बसत, त्याच्याकडे झुकत आणि त्याला कसं वाटतंय ते विचारत. ती खुर्ची गेली की मग घरी जायचं, आणि तिथं दिवा कोणाच्या हातात होता ते त्याला माहीत होतं.

“फॉर्मात आहात आज,” प्रमुख बाई म्हणाल्या. “फक्त खोकला जरा आवरा. सगळ्यांना सारखा यायला हवा. मगाशी त्या मुलाला तीनदा मिळाला.”

“हो बाई,” तो म्हणाला.

पुढची मुलगी आली ती दार न वाजवता. जाड चष्मा, केस कसेतरी वर बांधलेले, कोटाच्या खिशाला शाईचा डाग. तिनं नमस्कार केला नाही, परवानगी मागितली नाही. बसली आणि बघत राहिली. काकांना वाटलं, ही गप्प बसण्याची जागा चुकून आधीच घेते आहे. पण तिचे ओठ हलत नव्हते. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती, मग कॉलरच्या वरच्या खळग्याकडे, मग ओठांकडे. त्याला एकाएकी आपल्या अंगावर कपडे कमी आहेत असं वाटलं. इतकी माणसं या खुर्चीसमोर बसून गेली, सगळ्यांनी डोळ्यांत बघितलं. शिकवलेलंच तसं होतं. डोळ्यांत त्याच्याकडे दाखवायला पुष्कळ होतं. गळ्यात काय चाललंय ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

“बसा की डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्हीच...”

“बसलेच आहे. मान ओढून श्वास का घेताय?”

“व्हेप ओढतो ना, डॉक्टर. सिगारेट सोडायची म्हणून...”

“ते झालं. आत्ताचं विचारतेय.” तिनं त्याचा हात उचलला, नखं उजेडाकडे वळवली. तिचा हात गार आणि खरखरीत होता. “हे निळं कधीपासून?”

नखं भूमिकेत नव्हती. त्यानं मनातल्या मनात सगळी पानं चाळली, नखांबद्दल कुठं काही नव्हतं. “घरात आता माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही,” तो म्हणाला, कारण पुढचं वाक्य तेच होतं.

“थुंकीत रक्त पडतं का?”

किल्ली आली होती. तिला हवे तसे दाते नव्हते, ती कुलपात घालताना कोणी ‘चालेल का’ म्हटलं नव्हतं, पण ती आत गेली होती आणि फिरतही होती. त्याला ते छातीत कळत होतं. त्याचा हात आपोआप रुमालाच्या खिशाकडे गेला. विचारलं होतं. आता सांगायचं असतं. हो, एवढंच म्हणायचं होतं.

“डॉक्टर,” कोपऱ्यातून प्रमुख बाई म्हणाल्या, “या खोलीत फक्त संवाद आहे. तपासणी नाही. आणि पेशंटला हात लावण्याआधी विचारतात.”

“पण बाई, हे खरंच...” मुलगी वळली. “यांना आत्ता ऑक्सिजन लावून बघायला पाहिजे. एक्स-रे काढायला पाहिजे. हे नाटक नाहीये.”

प्रमुख बाईंचा पेन थांबला. त्या आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या गळ्याकडे बघत होत्या. “काका,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्ही ठीक आहात ना?”

आणि मग त्यानं ते केलं, ज्याची कोणी फीत काढली नाही. त्यानं खांदे खाली सोडले. मान सैल केली, आणि वर ओढला जाणारा तो खळगा जिथल्या तिथं दाबून धरला. आत सगळं ओरडत असताना पोटातून एक लांब, गोल, निवांत श्वास घेतला, तो जाताना वाटेत कुठं कुठं अडकला ते तोंडावर येऊ दिलं नाही, आणि मोकळा, किंचित खट्याळ हसला. एक ठणठणीत माणूस खुर्चीवर बसला होता. “मी? एकदम मजेत,” तो म्हणाला. “नाटकातला माणूस आहे हो मी. या पोरीनं तर घाबरवलंच मला.” आवाज शेवटपर्यंत गेला, कुठं फाटला नाही. प्रमुख बाई हसल्या. हसताना त्यांचा सुटलेला श्वास ऐकू आला. त्यांचा चांगला होता. मुलगी हसली नाही. तिनं चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं, आणि या खेपेला तिला काही दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास जाताना त्यानं बघितला. अगदी हळू गेला. मग घंटा झाली.

परीक्षेच्या शेवटी खोट्या पेशंटचंही मत घेत. तुम्हाला या डॉक्टरकडे पुन्हा यावंसं वाटेल का? बाकीच्यांबद्दल तो उदार होता. चष्मेवालीशी पोचल्यावर प्रमुख बाई म्हणाल्या, “हिचं काय करायचं काका? माझ्याकडून तर गेलीच आहे, पण तुम्ही बरं म्हणालात तर काठावर ओढता येईल.” तो विचारात पडल्यासारखा दिसला. ‘बरं’ म्हटलं तर बाई विचारणार, काय बरं वाटलं? आणि विचारलं, की सांगावं लागतं. “मला तिच्यासमोर वस्तू असल्यासारखं वाटलं,” तो म्हणाला. “मला काय वाटतंय ते तिनं एकदाही विचारलं नाही.” बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. फार नेमकं बोललात, म्हणाल्या.

निकाल तिथंच सांगत. तो आवरून बाहेर आला तेव्हा मुलंमुली पांगली होती, चष्मेवाली एकटीच जिन्याशी उभी होती, पाठीवर सॅक, डोळे सुजलेले. तीन महिन्यांनी पुन्हा यावं लागणार होतं तिला. जिना उतरायचा तर तिच्या शेजारून जायला हवं होतं, आणि कठड्याला धरल्याशिवाय उतरता येत नव्हतं, आणि कठड्याला ती टेकली होती. तो जवळ आला. तिनं त्याच्या कठड्याकडे पुढे झालेल्या हाताकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, आणि बाजूला झाली नाही. छाती इतकी घट्ट झाली होती की त्याला उभं राहावंच लागलं. आता हिनं नुसतं ‘चला’ म्हणावं. दंडाला धरावं आणि ओढत न्यावं, समोरच्या इमारतीत, लिफ्टनं, कुठंही. काहीही विचारू नये. तो विरोध करणार नव्हता. त्याच्यात तेवढी हवाच नव्हती.

मुलीनं हात अर्धा उचलला. मग तिला काहीतरी आठवलं. हात तिनं मागे घेतला, सॅकचा पट्टा धरला, चेहरा नीट केला, डोळे गळ्यावरून काढून त्याच्या डोळ्यांत आणले आणि आवाज खाली घेतला.

“काका,” ती म्हणाली, “तुमच्या तब्येतीबद्दल आपण थोडं बोललो तर चालेल का?”

“नको,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते अगदी सहज गेलं. शिकाऊ मुलांची कसोटी बघायला याच जागी तो नेहमी पहिल्यांदा ‘नको’ म्हणत असे.

ती थांबली. मोजत असावी. ओठ किंचित हलत होते.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुमच्या निर्णयाचा मी आदर करते.” आणि कठड्यापासून बाजूला होऊन त्याला वाट करून दिली, आणि मागे न बघता आतल्या बाजूला निघून गेली. आवाज छान लागला होता तिचा. थांबणं एक-दोन आकडे कमी पडलं, पण पहिल्याच खेपेला एवढं पुष्कळ झालं. काका पहिल्या पायरीवर बसला आणि, बोलता येईल इतका श्वास जमला असता, तर त्यानं तिला पास केलं असतं.